मक्यात लपलेला एझ्रा आणि मेडनहेडला लपलेली मी

लपायचं असेल तर मेडनहेडला जाऊ नये. गावात वाईट काही नाही. थेम्स नदी आहे, तिच्यात पांढरे हंस आहेत, आणि सकाळच्या धुक्यातून ते असे सरकत येतात की आपण अजून अंथरुणातच आहोत असं वाटावं. पण तिथे माझी लेक राहते, लेकीच्या घरी फोन आहे, आणि तो नंबर माझ्या दिराला पाठ आहे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची पोरगी होते. आता ऐंशी ओलांडल्यावर तिच्याकडे बघते तेव्हा हसू आवरत नाही. राखाडी ओव्हरकोटाखाली साडी, साडीखाली जावयाचे लोकरी मोजे, मोज्यांवर चपला, आणि चेहऱ्यावर भाव असा की राणीनं चहाला बोलावलंय, पण आपल्यालाच सवड नाही. ही बाई गावाकडे सगळ्यांना सांगून आली होती की लेकीच्या मदतीला चालले. लेकीच्या घरी भांडी मशीन घासत होतं आणि कपडे मशीन धूत होतं. मदत कसली डोंबलाची! ती पळून आली होती.

झालं असं होतं. निफाडकडे आमची द्राक्षबाग. हे गेल्यापासून मीच बघत होते. गावचे सरपंच माझे धाकटे दीर, कितीतरी वर्षं तेच. आणि त्या साली सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. भाऊजी दुसऱ्याच दिवशी कडक इस्त्रीत माझ्या ओट्यावर हजर.

"वहिनी, तुम्ही उभ्या राहा. बाकी सगळं मी बघतो."

"आणि मी काय बघू?"

"तुम्ही सह्या करायच्या, सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवायचा. नाही म्हणालात तर आमच्या सूनबाईला उभी करतो."

त्यांची सून एकोणीस वर्षांची, सासऱ्यासमोर पाणी मागायलाही घाबरणारी. तिच्या गळ्यात हे लोढणं जाणार, हे मला दिसत होतं. हो म्हणावं तर आपण शिक्क्याची पेटी होणार. नाही म्हणावं तर ती पोर होणार. आणि 'उभी राहते, पण कारभार मीच करीन' असं तोंडावर म्हणायची त्या अठ्ठावन्न वर्षांच्या वाघिणीची छाती नव्हती. त्यात आणखी एक नाजूक प्रकरण होतं. भाऊजींच्या आणि माझ्या शेतामधला बांध दर पावसाळ्यानंतर थोडा थोडा माझ्याकडे सरकायचा. "बांधाला पाय फुटलेत," असं आमचे हे म्हणायचे आणि गप्प बसायचे. त्यांच्यामागे गप्प बसायची पाळी माझ्याकडे आली होती.

म्हणून मी "महिन्याभरात सांगते" म्हणाले, एप्रिलची छाटणी उरकली, आणि विमानात बसले.

मेडनहेड

दर रविवारी फोन वाजायचा. "वहिनी, काय ठरलं?" मी हवामान सांगायची. तिथे ते भरपूर असतं.

माझी लेक सुजाता तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिची नेहा तेव्हा अकरा वर्षांची, तिथेच जन्मलेली. तिच्या मराठीत सगळे पुरुष बायका होत आणि बायका पुरुष, पण प्रेमात चूक नसे. शाळेनं तिला प्रोजेक्ट दिला होता: इंग्लंड सोडून गेलेलं एक माणूस निवडा.

मी म्हटलं, "देश सोडून गेलेली माणसं शोधायला लांब कशाला जायचं? आईला आरशासमोर उभी कर."

"आई, प्लीज," सुजाता म्हणाली.

बाकीच्या मुलांनी खलाशी निवडले होते. नेहानं एझ्रा नावाचा शेतकरी निवडला. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी सफोकमधल्या विलशम नावाच्या खेड्यातून तो अमेरिकेला गेला. जंगल तोडून शेती केली, आणि पुढे पुढारी झाला.

"हाच का ग?"

"कारण तू पण फार्मर आहे, आजी. आणि तो मक्यात लपला होता."

"का लपला होता?"

"लोकांनी त्याला पॉलिटिशियन कर म्हटलं म्हणून."

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. मी हवामानाकडे पाहिलं.

"बँक हॉलिडेच्या वीकेंडला जाऊया का विलशमला?" सुजाता म्हणाली. "तिथल्या चर्चच्या बाईंना मी फोन केलाय. रूमपण देतात. आई, तुलाही चेंज होईल."

विलशम, शनिवार

मोटरवेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, मी घोरत होते. जाग आली तेव्हा गाडी दोन कुंपणांमधल्या चिंचोळ्या वाटेवर होती आणि दोन्हीकडून पांढरी फुलं काचांना घासत होती. हॉथॉर्न म्हणतात त्या काटेरी झुडपाला. आपल्याकडे कुंपणाला काटे असतात ते फक्त काटे असतात. इथे मे महिन्यात काट्यांनाही लग्नाच्या मुंडावळ्या बांधायचा मोसम होता. झुडपांच्या पलीकडे मोहरीसारखी पिवळीधमक शेतं, इतकी सपाट आणि इतकी लांब की त्यांच्या टोकाला आभाळ जमिनीवर टेकवून ठेवल्यासारखं दिसत होतं. माणूस एकही नाही. वर कुठेतरी चंडोल गात होता, दिसत नव्हता. आवाज आभाळातूनच झिरपतोय असं वाटत होतं.

चर्चच्या बाई म्हणजे डॉरथी. सत्तरीची, उंच, बागेतल्या चिखलाचे गुडघाभर रबरी बूट घालून दारात उभी. तिचं घर गुलाबी. पूर्वी इथे चुन्यात बैलाचं रक्त मिसळून भिंती रंगवत, असं तिनं कौतुकानं सांगितलं. मी भिंतीपासून थोडी दूर सरकले.

रात्रीच्या जेवणाला उकडलेले बटाटे, उकडलेले वाटाणे आणि चीज भरून भाजलेला 'पाय' नावाचा पदार्थ. गरम होतं, प्रेमानं वाढलेलं होतं, फक्त चवीला बोलवायचं राहिलं होतं. मी पर्समधून ठेच्याची बाटली काढली.

"आई, नको ना," सुजाता मराठीत पुटपुटली.

डॉरथीनं सुरीच्या टोकावर ठेचा घेतला आणि बटाट्याला लावला. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती हळूहळू तिच्या घराच्या रंगाची झाली. पाणी प्यायली, डोळे पुसले, आणि पुन्हा सुरी पुढे केली. त्या घटकेपासून ती आणि मी मैत्रिणी. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, तिचं सफोकचं. अडलं की नेहा होतीच.

एझ्राची गोष्ट डॉरथीनं त्या टेबलावर सांगितली. एझ्रा तिसरा मुलगा. इथे जमीन थोरल्याची, बाकीच्यांनी आपलं बघावं. मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्या भावांना सारखी वाटतात, म्हणून तीन पिढ्यांनी प्रत्येकाच्या वाट्याला सतरंजीएवढी येते आणि उरलेलं आयुष्य सतरंजीच्या कडेवरून भांडण्यात जातं. डॉरथीला हे फार आवडलं. तर एझ्राकडे जमीन नव्हती. तो सफरचंदाच्या बिया आणि एक विळा घेऊन जहाजावर चढला. तिकडे नुसतं जंगल आणि दगड. झाडं तोडली, दगड वेचून त्यांच्या भिंती घातल्या, मका लावला. शेजारी आले, त्यांच्याही भिंती झाल्या, आणि भिंती आल्या की भांडणं आली. गावसभेनं एझ्राला पहिलं पद दिलं ते कुंपणं पाहण्याचं. कुणाचं कुंपण कुठे, कुणाची गाय कुणाच्या शेतात, याचा निवाडा करायचा.

"त्यालाच का?" मी विचारलं.

"कारण तो इथे वाढला होता," डॉरथी म्हणाली. "आमच्याकडे दर वर्षी सगळं गाव शीव चालतं. उद्याच आहे. लहान मुलांना शिवेच्या दगडावर आपटतात, म्हणजे दगड कुठे आहे ते जन्मभर लक्षात राहतं."

"आपटतात?" नेहानं डोळे मोठे केले.

"हळू. पूर्वी एवढं हळू नसायचं."

एझ्राचे निवाडे लोकांना पटायला लागले. मग एक दिवस आजूबाजूच्या शेतांवरची माणसं त्याला वसाहतीच्या सभेत पाठवायचं ठरवून त्याच्या दारी आली. एझ्रा मागच्या दारानं मक्यात शिरला. त्याची बायको हॅना दारात उभी राहिली आणि तोंडानं "घरी नाहीत" म्हणताना बोटानं मका दाखवला. दर उन्हाळ्यात अमेरिकेहून त्याच्या वंशातलं कुणी ना कुणी विलशमला येतं, आणि प्रत्येक जण ही गोष्ट सांगतो.

"मग?"

"मग तो बाहेर आला. वीस वर्षं सभेत बसला. नांगरणीला मात्र दर वर्षी घरी यायचा."

जेवणानंतर मी एकटीच वाटेवर गेले. नऊ वाजत आले तरी उजेड जात नव्हता. आपल्याकडे दिवस दार आपटून जातो. इथे तो उंबऱ्यावर रेंगाळतो, पुन्हा मागे वळतो, काहीतरी विसरल्यासारखा. कुंपणाची फुलं उजेड साठवून ठेवल्यासारखी पांढरी दिसत होती. ओल्या गवताचा वास येत होता, आणि वास कुठल्याही देशातला असला तरी शेतकऱ्याच्या नाकाला घरचाच वाटतो. त्या धूसर उजेडात माझ्या बाजूनं कुणीतरी चालतंय असं मला वाटू लागलं. उंच, थोडं वाकलेलं, खिशात सफरचंदाच्या बिया. मी त्याच्याशी मराठीत बोलले. त्यानं कुठे हरकत घेतली?

"काय रे," मी म्हटलं, "मका किती उंच होता?"

डोक्याएवढा, तो म्हणाला असावा.

"माझा मका फार लांब आहे. विमानानं यावं लागतं."

तो हसला असावा. कुंपणात काहीतरी सळसळलं आणि ससा पळाला. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या करारी बाईनं एवढी किंकाळी फोडली की डॉरथी बॅटरी घेऊन धावत आली.

रविवार, शिवेवर

सकाळी चर्चच्या दारात पंचवीस-तीस माणसं जमली. प्रत्येकाच्या हातात विलोच्या झाडाची सोललेली ओली काठी. पाद्रीबुवांनी शेतांसाठी, पावसासाठी प्रार्थना केली, आणि गाव चालू लागलं. नेहाचे जुने रबरी बूट मला झाले. पायात लाल बूट, वर साडी, त्यावर ओव्हरकोट, हातात काठी. सुजाता फोटो काढताना एवढी हसली की फोटोत आभाळच आलं.

शीव म्हटल्यावर माझ्या पर्समध्ये कुंकवाची डबी होतीच. शीव ओलांडताना हात जोडायचे, हे मला आईनं शिकवलं होतं. पहिला दगड आला. शेवाळलेला, गुडघ्याएवढा. लोक त्याला काठ्यांनी मारू लागले. "मारा, मारा!" ओरडत पोरं झोडपताहेत आणि मी मध्ये शिरून "अहो, थांबा!" म्हणत दगडाला कुंकू लावलं. सगळे थबकले. मला वाटलं हा त्यांचा देव, त्यांना वाटलं हा माझा कुणी मामा असावा. डॉरथीनं शांतपणे आपली काठी खाली ठेवली, वाटेकडेची दोन पांढरी फुलं तोडली आणि कुंकवाखाली ठेवली. त्यानंतर प्रत्येक दगडाला आधी कुंकू, मग फूल, मग झोडपणं, असा क्रम झाला. विलशममध्ये तो दस्तूर अजून चालू असेल तर दोष माझा.

नेहाला दुसऱ्या दगडावर आपटलं. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय, आणि अलगद टेकवलं. ती आनंदानं किंचाळली. जुनं भाताचं शेत असावं तशी ओली कुरणं, मग बर्चच्या झाडांची राई, राईत निळ्या फुलांचा पूर. जमिनीवर धूर पसरलाय की पाणी, कळत नव्हतं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मला वाटलं, माणसं आपल्या गावाभोवती असं वर्षातून एकदा नुसतं चालतात, विकत घ्यायला नाही, विकायला नाही, केवळ ते अजून तिथे आहे ना हे बघायला. आमच्या गावाची शीव मी कधी पायी चालले होते? लग्न होऊन आले तेव्हा बैलगाडीतून ओलांडली, तीसुद्धा रडत असल्यामुळे नीट पाहिली नाही.

आणि पाचव्या दगडाशी वरात अडली.

"दर वर्षीचं आहे," डॉरथी म्हणाली. "वीस मिनिटं लागतात. सँडविच खाऊन घ्या."

तिथे एक ओढ्यासारखी चरी होती आणि दगड चरीत कलंडलेला होता. चरीच्या अलीकडे टेड नावाच्या म्हाताऱ्याचं शेत, पलीकडे आल्फचं, आणि आल्फ शेजारच्या गावचा. दोघंही माझ्या वयाचे, दोघांच्याही डोक्यावर टोप्या, दोघांचीही नाकं लाल. टेड म्हणत होता शीव चरीच्या पलीकडच्या काठानं जाते. आल्फ म्हणत होता अलीकडच्या. मध्ये जमीन होती ती माझ्या पदराएवढी.

मी सँडविच खायला बसले. काकडीचं होतं. एक घास खाल्ला. दुसरा हातातच ठेवून कान दिले. टेड ज्या आवाजात बोलत होता तो आवाज मी ओळखत होते. ज्याला आपलं खोटं पाठ झालंय त्याचा तो आवाज असतो. निफाडला तो इस्त्रीच्या कपड्यात असतो.

"नेहा, ऊठ," मी म्हटलं. "त्यांना सांग, आमच्या गावाला याचा उपाय आहे."

"आजी, तू मध्ये नको जाऊ."

"सांग म्हणते ना!"

मी चरीत उतरले. साडी भिजली ती भिजली. टेडच्या शेतातली ओंजळभर माती उचलली. "आमच्याकडे शिवेचा तंटा झाला तर दावा करणाऱ्यानं शेताची माती डोक्यावर घेऊन शीव चालून दाखवायची. तो चालेल ती शीव. कुणी काही बोलायचं नाही. खोटं चालला तर पाटील शिक्षा देत नाही, पोलीस येत नाही. फक्त जमीन रुसते."

नेहानं इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना तिचा आवाज बारीक झाला.

आल्फ खो खो हसला. "चल टेड, टोपी काढ!"

टेडही हसत होता. टोपी काढली. टक्कल गुळगुळीत, बाळासारखं. मी त्यावर माती ठेवली. काळी, ओली, गार. तो हसत हसत चरीपलीकडच्या काठावर चढला आणि निघाला. चार पावलं हसत गेला. मग माती घसरू नये म्हणून त्याला मान ताठ धरावी लागली. मान ताठ धरली की माणसाला हसता येत नाही. तो हळू झाला. वर चंडोल गात होता. डोक्यावरच्या मातीतलं पाणी त्याच्या कानामागून ओघळलं. टेड थांबला. काठाखाली उतरला. चरीच्या मधोमध, जिथे दगड कलंडला होता तिथून, पाण्यातून सरळ चालत गेला, आणि राईच्या कोपऱ्यापर्यंत वळून पाहिलं नाही.

आल्फनं आपली टोपी काढली. "माझे वडीलपण इथूनच चालायचे," तो म्हणाला. "मधूनच."

मग दोघांनी मिळून दगड उभा केला. मी कुंकू लावलं. आणि डॉरथी माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांतली चमक मला आवडली नाही.

"हा दगड लक्षात राहायला हवा," ती म्हणाली.

"नाही हां! नाही! सुजाता, सांग यांना!"

सुजातानं माझा डावा पाय धरला. पोटची पोर! टेड आणि आल्फनं खांदे धरले, आणि निफाड तालुक्यातल्या एका प्रतिष्ठित बागाईतदारीणबाईंना सगळ्या गावादेखत तीनदा दगडावर टेकवण्यात आलं. लाल बूट हवेत. आभाळ फार निळं होतं. तो दगड नेमका कुठे आहे ते मी आजही डोळे मिटून सांगेन.

परतताना नेहानं माझा हात धरला. "आजी, तू मक्यातून बाहेर आला."

मी तिचं व्याकरण सुधारलं नाही.

चार वाजता डॉरथीच्या फोनवरून मी भाऊजींच्या घरी फोन लावला. तिकडे दिवेलागण उलटून गेली होती. भाऊजी जेवायला बसत होते.

"भाऊजी, अर्ज भरते."

"वा, वा! शाब्बास वहिनी! मी म्हणतच होतो."

"पण सह्या वाचून करीन."

पलीकडे ताटाचा आवाज थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे मला वाचता येतं. आणि सूनबाईला सांगा, वाचायला मला सोबत लागेल."

"इतकं महाग बोलू नका वहिनी, फॉरेनचा फोन आहे," भाऊजी म्हणाले आणि ठेवला. डॉरथी काही न विचारता ठेच्याची बाटली घेऊन आली.

घरी

मी उभी राहिले ती माझ्या नावावर. भाऊजींनी विरोध केला नाही, कारण शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की ही इंग्लंडची हवा आहे, उतरेल. निवडून आल्यावर हारतुरे झाले, आणि मी म्हटलं, मिरवणूक गावातून नको, गावाभोवती काढू. लोकांना गंमत वाटली. पोरांच्या हातात लिंबाच्या डहाळ्या, पुढे हलगी, मागे बाया. सूनबाई माझ्या बाजूला, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडाला तरी तो सावरायचं विसरलेली. प्रत्येक शिवेच्या दगडाला कुंकू लावलं, आणि जे पोर हाताला लागेल ते टेकवलं. आया आधी ओरडल्या, मग स्वतःच पोरं पुढे करू लागल्या.

वाट फिरत फिरत पूर्वेच्या अंगाला आली. तिथे गावची शीव आमच्या दोन शेतांच्या टोकाला लागते. तो बांध. पाय फुटलेला.

मी थांबले. हलगी थांबली. खाली वाकून मी भाऊजींच्या शेतातली ओंजळभर माती उचलली आणि त्यांच्यासमोर धरली. विलशमची गोष्ट मी घरी कितीदा सांगितली होती, सगळ्या गावाला ती माहीत होती.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग गावाकडे. मग बांधाकडे. पलीकडे कुणाच्या तरी रानात मका उभा होता, डोक्याएवढा, आणि वाऱ्यानं सळसळत होता. मला उगाच वाटलं, आत कुणीतरी उंच, थोडं वाकलेलं माणूस उभं राहून बघतंय.

भाऊजींनी पांढरी टोपी काढली. घडी करून खिशात ठेवली. डोकं पुढे केलं, आणि मी माती ठेवत असताना ते हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले,

"वहिनी, बांध सोडून मी जरा माझ्या बाजूनं आतून चालतो."